तीन शेकोट्यांची भिंत

कॅलोविकचं मोठं घर आता अर्धंच उभं आहे. मधला जुना भाग आणि पूर्वेची बाजू शाबूत आहे. पश्चिमेची बाजू एकोणीसशे एकवीसच्या फेब्रुवारीत जळाली, आणि जे काही काळवंडून उरलं होतं ते मॅडॉक्स मालकांनी पुढच्या उन्हाळ्यात पाडून टाकलं. पाडणाऱ्या गवंड्यांत माझे वडील होते. आमच्या गावातल्या निम्म्या गोठ्यांना त्या घराचा दगड आहे, आमच्या स्वतःच्या डुकरांच्या खुराड्यालासुद्धा.

जळालेली बाजू ज्या भिंतीला जोडलेली होती ती भिंत मात्र ठेवावीच लागली, कारण ती जुन्या घराची भिंत. म्हणून त्या भिंतीत बांधलेल्या, तीन मजल्यांच्या एकावर एक अशा तीन शेकोट्या राहिल्या. खालची संगमरवराची, मधली साध्या दगडाची, सगळ्यात वरची लहानशी, लोखंडी. त्यांच्यापुढे जमीन नाही, डोक्यावर छत नाही. खाली गवत, त्यावर मेंढ्या. मधल्या शेकोटीशेजारी पिवळ्या भिंतकागदाचा एक तुकडा कितीतरी वर्षं चिकटून होता आणि वारा सुटला की फडफडायचा. लहानपणी आम्ही त्या बाजूने जात नसू. मोठेपणी जात होतो, पण वर बघत नव्हतो.

या घरात आल्मा गिटिन्स एकटी राहायची. आगीच्या वेळी ती वीस वर्षांची मोलकरीण होती. मालक दुसरीकडे राहायला गेले, दुसऱ्या महायुद्धात सैनिक येऊन राहिले, ते गेले, आणि घराला कुलपं लागली. आल्मा राखणदार म्हणून तिथेच राहिली, धुलाईघराच्या मागच्या दोन खोल्यांत. गावात ती यायची ती चर्चसाठी आणि चहा-साखर घ्यायला. उंच, काटक बाई. बोलणं कमी. तिची एक सवय सगळ्यांना ठाऊक होती: कुणाच्याही घरी गेली की निघताना आधी शेकोटीपाशी जायची आणि राखेवर हाताची मागची बाजू धरून बघायची. आमची ग्लेनिस, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "मिस गिटिन्सना चहाला बोलावलं की आपलं घर तपासून मिळतं." थट्टा तेवढीच. त्यापलीकडे तिला कुणी छेडत नसे.

माझा तिच्याशी पहिला खरा संबंध आला अठ्ठावन्न साली. पहिल्या मजल्यावरचा लांब व्हरांडा पश्चिमेला जिथे संपतो तिथे एक दार होतं. पूर्वी त्यातून जळालेल्या बाजूत जात. आता त्यापलीकडे नुसती हवा. मीही वडिलांसारखा गवंडी, म्हणून मालकांच्या वकिलाने ते मला विटांनी बुजवायला सांगितलं होतं. मी सकाळी दहाच्या सुमाराला हत्यारं घेऊन वर गेलो, तर दार सताड उघडं, आणि उंबऱ्यावर आल्मा उभी, हातात राखेची बादली. पाय अगदी कडेला. पंधरा फूट खाली गवत.

मी हाक मारली नाही. दचकली असती तर गेलीच असती.

ती समोरच्या रिकाम्या हवेकडे बघत म्हणाली, "आले हं, नॅनी. जरा दम धरा."

मग वळली, मला पाहिलं, आणि जराही न लाजता म्हणाली, "काठी आपटतेय. सकाळपासून ही तिसरी वेळ."

नॅनी प्यू कोण हे मला माहीत होतं, सगळ्या गावाला माहीत होतं. मॅडॉक्सांच्या दोन पिढ्या तिने सांभाळल्या होत्या. म्हातारपणी पाय गेले म्हणून ती पश्चिमेच्या बाजूला सगळ्यात वरच्या खोलीत पडून असायची, आणि काही हवं असलं की काठीने जमिनीवर तीनदा आपटायची. आगीत मेली ती तीच. बाकी सगळे रविवारच्या प्रार्थनेसाठी चर्चमध्ये होते.

मी दार बुजवलं. दोन दिवस लागले. आल्मा खुर्ची घेऊन व्हरांड्यात बसून राहिली, विणत. शेवटची वीट बसायच्या आधी तिने विचारलं की लाकडाची फळी मारून भागणार नाही का. नाही भागणार, म्हटलं, वकिलाचा हुकूम आहे. ती म्हणाली, "बरं. तुझा काय दोष."

एक गोष्ट मी तेव्हा ग्लेनिसलाही सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, आल्मा खाली चहा करायला गेलेली असताना, मला विटांच्या पलीकडून ठक, ठक, ठक असं ऐकू आलं. सावकाश, सारख्या अंतराने. एखादा पत्रा सैल झाला असेल म्हणून मी बाहेर जाऊन भिंत पायापासून वरपर्यंत न्याहाळली. पत्रा नव्हता. वाराही नव्हता.

सहासष्टच्या वसंतात त्या भिंतीला उभी भेग पडली. सरकारी कचेरीकडून मिस थर्लबी नावाची बाई आली. जुनी घरं मोजायची, त्यांचे नकाशे करायचे, हे तिचं काम. विजार घालून शिडीवर चढायची, खिशात सफरचंद. कुठला दगड कुठल्या शतकातला हे ती हात फिरवून सांगायची, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायची. मी परांची बांधली आणि आम्ही दोघं त्या तीन शेकोट्यांसमोर पहिल्यांदा उभे राहिलो, म्हणजे खोली असती तर जिथे माणूस उभा राहिला असता तिथे. कुणाच्या तरी शयनघरात न विचारता शिरल्यासारखं वाटलं.

मधल्या आणि वरच्या शेकोटीच्या मध्ये भेग सगळ्यात रुंद होती. मिस थर्लबीने सांगितल्यावर मी तिथल्या आठ-दहा विटा काढल्या. आत हात घातला तर तो काळा होऊन बाहेर आला. कंदील धरला. एका ओकच्या तुळईचं टोक भिंतीत तसंच राहून गेलेलं होतं, आणि ते टोक थेट मधल्या शेकोटीच्या धुराड्यात घुसलेलं होतं. वरून गिलाव्याचा पातळ थर दिलेला, तोही अर्धा गळून पडलेला. लाकूड कोळसा झालं होतं, पण एकाच आगीत झालेल्या कोळशासारखं नाही. थरावर थर, आत आत, वर्षानुवर्षं भाजत गेल्यासारखं.

मिस थर्लबीने कोळशाचा एक थर नखाने खरवडून पाहिला. मग तिने समजावलं. जुन्या घराची ही बाहेरची भिंत. शेदोनशे वर्षांनी त्या वेळच्या मॅडॉक्सने तिला लागून पश्चिमेची नवी बाजू उभी केली. त्याचं लग्न ठरलं होतं आणि नवरी यायच्या आत त्याला काम पुरं हवं होतं. घरच्या जुन्या पत्रांत ती घाई तिने वाचली होती: सगळी बाजू अकरा महिन्यांत. जुन्या भिंतीत नवं धुराडं कोरलं, आणि वाटेत वरच्या मजल्याची तुळई आली तर ती कापून वळवायच्या ऐवजी तशीच ठेवून लिंपून टाकली. दीडशे वर्षं ती तुळई आतून शिजत होती.

"आग इथून लागली, मिस्टर बीव्हन," ती म्हणाली. "आणि एकदम नाही. ज्या दिवशी दिसली, त्याच्या आधी दोन-तीन दिवस वरच्या मजल्याच्या लाकडी जमिनीखालच्या पोकळीत धुमसत असणार."

मी म्हटलं, गावात तर सांगतात की लेटी ओकली नावाच्या मोलकरणीने मधल्या मजल्यावरच्या त्या पिवळ्या खोलीतल्या शेकोटीपुढे जाळी ठेवली नव्हती, निखारा गालिच्यावर उडाला. चौकशीत तसंच ठरलं होतं. तिला शिफारसपत्र न देता घालवून दिलं. मिस थर्लबीने मान हलवली. "विस्तव पेटवणाऱ्याचा यात काही दोष नाही. कुणीही पेटवला असता तरी हेच झालं असतं."

चांगली बातमी आहे, लेटीबरोबर कामाला असलेल्या मिस गिटिन्सना बरं वाटेल, या कल्पनेने मी परांचीवरून उतरलो आणि धुलाईघराकडे गेलो. ती बटाटे सोलत होती. मी सगळं सांगितलं. तिने सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "मला दाखव."

पासष्ट वर्षांची बाई शिडी चढून वर आली. मी मागून आधार देत होतो. तिने विटांच्या भोकात बघितलं, मग हात घालून ते टोक चाचपलं. मिस थर्लबीने तिला तेच सगळं पुन्हा सांगितलं. दोन-तीन दिवस धुमसत असणार, हे आलं तेव्हा आल्माने तिला थांबवलं.

"तीन दिवस," ती म्हणाली. "गुरुवारपासून नॅनी काठी आपटत होती. धुराचा वास येतोय म्हणायची. मी म्हटलं, वारा फिरलाय, धुराडं उलटं ओढतंय. घरकारभारीण म्हणाली, हिची रोजचीच कटकट." तिने हात बाहेर काढून बोटांकडे बघितलं. "ती बोलावत नव्हती. ती सांगत होती."

खाली उतरल्यावर ती गवतातच बसली, आणि पंचेचाळीस वर्षं जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते मला सांगितलं.

त्या रविवारी नॅनीची शेकोटी पेटवायचं काम आल्माचं होतं. चर्चला उशीर होत होता आणि लाकडं ओली. म्हणून तिने लेटीने पिवळ्या खोलीत पेटवलेल्या विस्तवातून फावडंभर निखारे उचलले आणि मागच्या जिन्याने वर नेले. असे निखारे घेऊन घरात फिरायला सक्त मनाई होती. जिन्यात एक निखारा काथ्याच्या चटईवर पडला. तिने तो बुटाखाली चिरडला, विझला असं समजली, नॅनीची शेकोटी पेटवली आणि धावत चर्चला गेली. दुसरं स्तोत्र चालू असताना माळ्याने दार उघडून ओरडा केला. सगळे शेतातून धावत गेले तोपर्यंत मागचा जिना कोसळला होता.

"चौकशीत मला विचारलं, तू काही पाहिलंस का. मी नाही म्हटलं. लेटीला विचारलं, जाळी ठेवली होतीस का. तिने उत्तर द्यायला फार वेळ लावला. तेवढं पुरलं त्यांना."

लेटी आणि ती माळ्यावरच्या एकाच पलंगावर झोपायच्या. लेटीची पेटी बांधायला आल्मानेच मदत केली. पुढे आल्माला माळी बिल जार्विसने मागणी घातली, चांगला माणूस होता, तिने नाही म्हटलं. ज्याला खरं सांगता येत नाही त्याच्याबरोबर रोज जेवायला बसायचं कसं, असं तिला वाटलं. घर सोडून जाणंही जमलं नाही. नॅनीला एकटीला टाकून कसं जायचं.

मी म्हटलं, पण आता कळलं ना, तुमच्या हातून काहीच झालेलं नव्हतं.

"आग माझ्या हातून झाली नाही," ती म्हणाली. "गप्प मीच बसले."

आत जाऊन तिने एक बिस्किटांचा डबा आणला. त्यात लेटीची नाताळची कार्डं होती, समुद्रकाठच्या अॅबरिस्टविथहून आलेली. दर वर्षी एक, लढाई सुरू होईपर्यंत. आल्माने एकालाही उत्तर दिलं नव्हतं. एका कार्डावर लिहिलं होतं: तू तरी मला कधी दोष दिला नाहीस, आल्मा. शेवटच्या कार्डावर पत्ता होता.

पुढच्या शनिवारी मी तिला माझ्या व्हॅनमधून नेलं. डोंगर ओलांडून तीन तासांचा रस्ता. ग्लेनिसने चीजचे सँडविच आणि थर्मास दिला होता, त्याला आल्माने हात लावला नाही. मध्ये एकदा तिने मला विचारलं की लेटीने तोंडावर दार आपटलं तर तू लगेच गाडी सुरू करशील ना. मी हो म्हटलं.

पत्त्यावरचं घर समुद्रापासून दोन गल्ल्या आत होतं. दार उघडलं ते पस्तिशीच्या बाईने. ती लेटीची मुलगी रीटा. आई गेली, ती म्हणाली, दोन वर्षं झाली. कॅलोविकचं नाव ऐकल्यावर तिने आम्हाला आत घेतलं.

मे महिना असूनही ते घर गारठलेलं होतं. बैठकीतली शेकोटी विटा लावून बंद केलेली. माझी नजर तिकडे गेलेली पाहून रीटा म्हणाली, "आईने बंद करून घेतली. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात. आम्ही थंडीत कोट घालून जेवायचो. वडील म्हणायचे, ही बाई माझ्याशी लग्न करून मला बर्फात ठेवतेय. शेवटी छातीच्या दुखण्यानेच गेली. डॉक्टर सांगत होते, खोली गरम ठेवा. ऐकलं नाही."

आल्माने विचारलं, ती कधी काही बोलली का. आगीबद्दल.

"मरायच्या आधी बोलली. जाळी ठेवायची विसरले होते, म्हणाली. त्या म्हातारीला मीच मारलं." रीटाने आल्माकडे नीट बघितलं. "तुमचं नाव घ्यायची. आल्माने मला कधी वाईट मानलं नाही, म्हणायची."

मग आल्माने सांगितलं. आधी तुळईचं, म्हणजे लेटीचा काही दोष नव्हता हे. मग स्वतःचं, निखाऱ्यांचं, चौकशीचं. एक शब्द मऊ केला नाही. रीटा हातांची घडी घालून ऐकत राहिली. शेजारच्या घरात कुणीतरी रेडिओ लावला होता.

"तुम्ही तेव्हा बोलला असतात तर काय झालं असतं?" रीटाने विचारलं.

"मलाही हाकललं असतं."

"म्हणजे तुम्ही दोघी असता," रीटा म्हणाली. "आई एकटीच होती."

रीटाने चहा केला, कारण दारात आलेल्या माणसाला चहा द्यायचा असतो. तो आम्ही प्यायलो. निघताना तिने हात पुढे केला नाही. आल्मानेही केला नाही.

परतीच्या वाटेवर आल्मा रडली नाही. डोंगरमाथ्यावर मी इंजिन थंड व्हायला थांबलो तेव्हा ती एवढंच म्हणाली की नॅनीला आपण इतकी वर्षं घाबरून होतो, आणि आज पहिल्यांदा तिची कीव येते. त्यानंतर तिला ती काठी कधी ऐकू आली नाही. हे तिने मला शरद ऋतूत सांगितलं, आणि चेहऱ्यावर सुटकेची खूण नव्हती. "आता मी रिकाम्या घरात राहते, टेड," म्हणाली.

गावाला खरं काय ते तिने स्वतःच सांगितलं. पाद्र्याकडून परवानगी घेतली आणि प्रार्थना संपल्यावर बाकावरून उभी राहून बोलली, पाच मिनिटं, हातमोजे घट्ट धरून. काहींनी नंतर तिच्याशी बोलणं सोडलं. लेटीच्या चुलतभावाच्या घरातले तर आजही सोडून आहेत. मिस थर्लबीने आपल्या अहवालात तुळईचा नकाशा काढला आणि खाली लेटी ओकलीचं नाव घालून लिहिलं की ती निर्दोष होती. त्याची एक प्रत आल्माने अॅबरिस्टविथला पाठवली. पोच आली नाही.

पुढच्या वर्षी जूनमध्ये, एका बुधवारी, मी भिंतीच्या दुरुस्तीचं शेवटचं काम करत होतो. गावातल्या बसथांब्याकडून एक बाई झाडांच्या रांगेतून चालत येताना दिसली. जवळ आल्यावर ओळखलं, रीटा. कुणाला कळवलं नव्हतं. मला विचारलं, ती घरात आहे का. मी धुलाईघर दाखवलं. दोघी दारात काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने त्या गवतावर आल्या.

आल्मा पुढे, रीटा दोन पावलं मागे. आल्मा मेंढ्यांच्या मधून अशी चालत होती की जणू भिंती जागच्या जागी आहेत. कोपरा आला की वळायची, दार असेल तिथून आत शिरायची, दोन खोल्यांच्या मधून सरळ कधी गेली नाही. मी परांचीवर होतो, त्यामुळे मला वरून तो सगळा नकाशा तिच्या पावलांनी उमटताना दिसत होता: जेवणाची खोली, मागचा जिना, चादरी-अभ्र्यांची खोली. जिन्यापाशी ती थांबली. निखारा कुठे पडला ती जागा तिने दाखवली असावी, कारण रीटा वाकून गवताकडे बघत राहिली.

मग रीटाने काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं ते आल्माचं उत्तर.

"तुझी आई? फार हसायची. शिट्टी वाजवायची, पुरुषासारखी. घरकारभारीण जिन्यावरून ओरडायची, कोण तो गडी वर आलाय म्हणून."

"आई शिट्टी वाजवायची?" रीटा म्हणाली. "आमच्या घरात तर कधी नाही."

आल्मा गवतात बसली. रीटा जरा वेळ उभी राहिली, मग कोट पसरून तीही बसली, थोडं अंतर ठेवून. आल्मा बोलत राहिली. एकोणीस वर्षांची लेटी कशी चालायची, कुठली फीत केसांना बांधायची, बर्फ पडला की तबकावर बसून टेकडीवरून कशी घसरायची. तीन तास तरी झाले असतील. मी माझं काम संपवलं, चुन्याची घमेली धुतली, पण परांची काढायला घेतली नाही. आवाज झाला असता.

शेवटच्या बसची वेळ झाली तेव्हा रीटा उठली. तिने आल्माला हात देऊन उठवलं आणि दोघी थांब्याकडे चालत गेल्या.